लाकोटा आजींकडे शिकलेलं मणीकाम आणि हरणाच्या कातड्याचा बटवा

रानजाई (रॅपिड सिटी, साउथ डकोटा)

दोन हिवाळे झाले, मी इथल्या एका लाकोटा (अमेरिकेतल्या एका मूळनिवासी जमातीच्या) आजींकडे मणीकाम शिकते आहे. मागच्या महिन्यात पहिला बटवा पूर्ण झाला. त्याचा फोटो टाकला तेव्हा बऱ्याच जणींनी 'सविस्तर लिही' म्हटलं, म्हणून मंचावर हा वेगळा धागा.

आजींचं लहानपण पाइन रिजच्या राखीव प्रदेशात गेलं. गुरुवारी संध्याकाळी त्या एका सभागृहात शिकवतात. फी नाही, येताना सगळ्यांना पुरेल असं काहीतरी खायला न्यायचं. पहिले पाच आठवडे त्यांनी मला कातड्याला हात लावू दिला नाही. फेल्टचा तळहाताएवढा तुकडा, १२ नंबरची सुई, मेण लावलेला नायलॉनचा दोरा आणि ११/० मापाचे चेक प्रजासत्ताकातले मणी, एवढंच सामान. मण्यांच्या मापात आकडा वाढला की मणी बारीक होतो. ११/० म्हणजे साधारण मोहरीएवढा. जुन्या कामात १३/० आणि त्याहूनही बारीक मणी दिसतात.

सुई हातात घेण्याआधी मणी निवडायचे. चेक मणी एकसारखे नसतात. काही चपटे, काही फुगीर, एखाद्याचं भोकच तिरकं. तांदूळ निवडतो तसे ताटलीत पसरून निवडायचे. ओळीत एक फुगीर मणी शिरला तर पुढच्या तीन ओळी त्याला वळसा घालून जातात, हे पहिल्याच दिवशी कळलं. आजी चपटे मणी फेकत नाहीत, वेगळ्या डबीत ठेवतात. ओळीच्या शेवटी केसभर जागा उरते तिथे तेच बसतात.

लाकोटा कामाचा मुख्य टाका म्हणजे लेन स्टिच. मी मनातल्या मनात त्याला पट्टीचा टाका म्हणते. कातड्यावर दोन समांतर रेषा आखायच्या. एका रेषेवर सुई वर काढायची, सात मणी ओवायचे, ते आडवे टाकून पलीकडच्या रेषेवर टाका घ्यायचा, आणि तिथूनच पुढचे सात मणी घेऊन परत अलीकडे यायचं. मण्यांना मध्ये कुठेही टाका नाही, त्यामुळे ओळ जराशी उचललेली राहते. अशा पट्ट्या शेजारी शेजारी आल्या की नांगरलेल्या वावरासारखे उंचवटे दिसतात. जुनं लाकोटा किंवा शायान जमातीचं काम लांबून ओळखू येतं ते त्यामुळेच. क्रो आणि ब्लॅकफीट या दुसऱ्या जमातींची पद्धत वेगळी आहे. तिथे दोन दोरे. एकात मणी ओवलेले, दुसऱ्या सुईने दर दोन-तीन मण्यांमागे तो पहिला दोरा टाचत जायचं. ते काम सपाट बसतं आणि वळणदार नक्षी तशीच करता येते.

आता खरी अवघड गोष्ट. सुई कातड्याच्या आरपार जाता कामा नये. कातड्याची जेवढी जाडी, तिच्या निम्म्यातूनच सुई आडवी न्यायची. आजी प्रत्येक पट्टी झाली की काम उलटं करून बघतात. आतून एक जरी टाका दिसला तरी काही बोलत नाहीत, फक्त छोटी कात्री पुढे सरकवतात. माझी पहिली पट्टी चार वेळा उसवली. टाका आतून दिसू न देणं हे केवळ सौंदर्यासाठी नाही. पिशवीत हात घालताना बोट अडकत नाही, आतला दोरा घासून तुटत नाही.

काचेचे मणी इथले नव्हेत. त्याआधी इथल्या बायका साळिंदराचे काटे रंगवून, ओले करून, दातांनी किंवा हाडाने चपटे करून कातड्यावर गुंडाळत. व्यापाऱ्यांनी व्हेनिसमध्ये झालेले मणी आणले. आधी जाडे आले, मग १८४० च्या सुमारापासून बारीक. पुढे बोहेमियातले आले. आजही आम्ही वापरतो ते बरेचसे चेक प्रजासत्ताकातले. दोरा मात्र घरचा होता. बायसनच्या किंवा हरणाच्या पाठकण्याजवळ एक लांब चिवट पट्टी असते, ती वाळवून तिचे तंतू सोलायचे. तोंडात धरून ओलं केलं की दोरा मऊ होतो, टोक तेवढं कोरडं ठेवायचं, म्हणजे ते कडक राहतं आणि तेच सुईचं काम करतं. आधी आरीने भोक, मग दोरा. आजींनी त्या दोऱ्यावर एक पट्टी माझ्याकडून करून घेतली. वेळ तिप्पट लागला, पण टाका वाळला की असा घट्ट बसतो की उसवायला गेलं तर कातडं फाटेल.

आणि कातडं. नोव्हेंबरात इथे हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो. बरेच शिकारी मांस नेतात आणि कातडं टाकून देतात. आजींचा भाचा ती गोळा करतो. मांसाची बाजू खरवडायची, मग केस आणि केसांखालचा पातळ पापुद्राही खरवडायचा. मग त्याच जनावराचा मेंदू कोमट पाण्यात कुस्करून कातड्यात मुरवायचा. प्रत्येक जनावराला स्वतःचं कातडं कमावण्यापुरता मेंदू असतो, असं इथले लोक म्हणतात. नंतर काठीने पिळायचं आणि ओढायचं. पूर्ण वाळेपर्यंत ताणत राहायचं, चारही बाजूंनी. दुपारी दोनला आम्ही तिघं बसलो ते दिवे लागले तरी उठलो नाही. मध्येच थांबलं तर तेवढाच भाग पापडासारखा कडक होतो आणि परत भिजवावं लागतं. शेवटी कातड्याची पिशवी शिवून ती उलटी टांगायची आणि खाली कुजक्या लाकडाचा, ज्वाळ न होऊ देता, धूर करायचा. पांढरं कातडं तासाभरात मधाच्या रंगाचं होतं. धूर दिल्यावर ते पावसात भिजलं तरी वाळून पुन्हा मऊच राहतं. धूर न दिलेलं कातडं एकदा भिजलं की कडक.

त्या बटव्याला अजून आमच्या आजोळच्या चुलीचा वास येतो.

सुलभा_ठाणे

रानजाई, फार सुंदर लिहिलं आहेस गं. माझं वय ६१, रुखवतासाठी मोत्यांची तोरणं, चौरंगाभोवतीची महिरप हे सगळं मी पुष्कळ केलंय, पण कातड्यावर कधी नाही. इथे हरणाचं कातडं मिळणार नाही, मग काय वापरू? आणि एवढे बारीक मणी डोळ्यांना झेपतील का?

रानजाई

सुलभाताई, भारतात हरणाच्या कातड्याचा विचारही करू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते बसत नाही. साळिंदराचे काटेही नकोत. मेंढीचं किंवा शेळीचं मऊ स्वेड घ्या. गाडी पुसायला जे शॅमॉय मिळतं, त्यात कापडाचं आणि कातड्याचं असे दोन प्रकार असतात. कातड्याचं बघून घेतलंत तर सरावाला उत्तम. मणी भुलेश्वरला मिळतील. पुण्यात कुणी असेल तर बोहरी आळी. पण सुरुवातीला निदान दोन रंगांचे चांगल्या प्रतीचे चेक किंवा जपानी मणी घ्या. जपानी मणी एकसारखे असतात, त्यामुळे निवडण्याचा त्रास वाचतो. स्वेड असलं तरी तीन धारांची चामड्याची सुई मणीकामाला वापरू नका, ती कातडं कापत जाते. साधी बारीक सुईच घ्या.

डोळ्यांचं म्हणाल तर ८/० पासून सुरू करा. आजी सत्तरीच्या पुढे आहेत. त्या खिडकीपाशी, सकाळच्या उजेडातच बसतात, आणि मणी पांढऱ्या ताटलीत न ठेवता कातड्याच्याच तुकड्यावर ओततात. घरंगळत नाहीत, आणि सुईच्या टोकाने अलगद उचलले जातात.

वैदेही_बडोदा

आमच्याकडे सौराष्ट्रात मोतीभरत करतात, त्याच्याशी ताडून बघत होते. तिथे मणी कापडावर टाचत नाहीत. दोन-दोन, तीन-तीन मणी एकमेकांत अडकवून आधी मण्यांचीच चादर विणतात आणि नंतर मागे अस्तर लावतात. भिंतीवर लावायचा चौकोनी चकळा, तोरण, नारळावरचं कव्हर, सगळं असं. मागचं कापड कुजलं तरी मण्यांची चादर शाबूत राहते. तुझ्या पट्टीच्या टाक्यात कातडं गेलं की सगळंच जाणार, नाही का?

रानजाई

हो, खरंय. म्हणून तर त्या लोकांचा सगळा जीव कातड्यावर. धूर नीट बसला नसेल तर आजी त्यावर एक मणीही लावत नाहीत.

पंचगंगाकाठ

रानजाई ताई, लेख दोनदा वाचला. मी कोल्हापूरचा. आम्ही ककय्या समाजाचे. कातडी कमावणं आमच्याकडे, चप्पल शिवणं चर्मकार बांधवांकडे. आजोबांपर्यंत काम चाललं, वडील नोकरीला लागले. लहानपणी मी ते सगळं डोळ्यांनी पाहिलंय म्हणून लिहितो.

आमच्याकडे मेंदू नाही, बाभळीची साल आणि हिरडा. कातडं आधी चुन्याच्या निवळीत, म्हणजे केस सुटतात. मग खरवडून, चुना धुऊन, ते कडेने शिवायचं आणि पिशवी करायची. तुमच्याकडे पिशवी धुरासाठी, आमच्याकडे अर्कासाठी. पिशवीत साल आणि हिरड्याचं पाणी भरून ती तिकाटण्याला टांगायची. पाणी कातड्यातून झिरपून खालच्या भांड्यात पडायचं, ते परत वर ओतायचं. दिवसभर आजोबांचं तेच चाललेलं असे. मग पिशवीचं तोंड खाली करून पुन्हा टांगायची, म्हणजे वरच्या भागालाही अर्क मिळतो.

तुम्ही टाका निम्म्या जाडीतून घेता, ते आमच्या कातड्यावर का जमणार नाही ते सांगतो. सालीतलं तुरट द्रव्य कातड्याच्या तंतूंना धरून बसतं आणि कातडं भरीव, घट्ट होतं. म्हणून तर चपलेचा तळ उन्हापाण्यात टिकतो. मेंदूने कमावलेल्यात स्निग्धता तंतूंच्या मध्ये जाते आणि तुम्ही ओढत राहिल्यामुळे ते एकमेकांना चिकटत नाहीत. त्यामुळे ते कापडासारखं मोकळं राहतं, सुई आत शिरते. आमच्या म्हशीच्या कातड्याला आरीशिवाय भोक पडत नाही. शेळीचं पातळ कातडं, ज्याच्या वेण्या चपलेवर घालतात, ते मात्र तुमच्या मण्यांना चालेल. सुलभाताईंनी तेच बघावं, फक्त सालीने कमावलेलं आहे का विचारून घ्यावं.

आणखी एक लिहितो, मनात होतं ते. तुमच्या लेखात कातडं खरवडणं, पिळणं, धूर देणं हे सगळं किती मानाने आलंय. त्या आजींच्या भाच्याला त्या गावात कुणी नाक मुरडत नसेल. मी शाळेत असताना माझ्या बाकावर दुसरं कुणी बसत नसे, कारण 'वास येतो'. आमच्या घरात चुना, हिरडा आणि ओल्या कातड्याचा वास होता, खरं आहे. पण गावातल्या प्रत्येकाच्या पायात जी चप्पल होती तिचं कातडं त्याच वासातून आलं होतं. २०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे. २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तसल्याच चपला दाखवल्या आणि भारताचं नावही घेतलं नाही, तेव्हा सगळा महाराष्ट्र चिडला. मलाही राग आला. पण त्या आठवड्यात जे चिडले त्यांच्यापैकी कितीजण आमच्या आळीत कधी आले होते, हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही.

रानजाई

दादा, तुमचं उत्तर वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही.

मी मिरजेची. आमच्या आळीच्या तोंडाशी एक चर्मकार काका बसायचे. तुटलेली चप्पल घेऊन घरचे मलाच पाठवायचे. माझी आजी बजावायची, पैसे वरून टाक, हाताला लागू देऊ नकोस. मी वरून टाकायचे. ते खाली बघून पैसे उचलायचे. मी आठ-नऊ वर्षांची असेन. आज मी सात समुद्रांपलीकडे येऊन हरणाचं ओलं कातडं दोन्ही हातांनी पिळते आणि त्याला परंपरा म्हणते. हे मला त्या दिवशी पिळतानाच आठवलं होतं, लेखात लिहायचं धाडस झालं नाही. तुम्ही लिहिलंत म्हणून लिहिते.

त्या काकांची आरी मला अजून आठवते. लाकडी मूठ, तळहाताने घासून घासून काळी चकचकीत झालेली.

शाकंभरी

मला स्पष्ट लिहायचंय. कौशल्याबद्दल आदर आहे, पण एका बटव्यासाठी जनावराचं कातडं वापरणं मला पटत नाही. हेच मणी मखमलीवर किंवा जाड खादीवर लावता येणार नाहीत का?

रानजाई

येतील, आणि इथेही लावतात. ओजिब्वे या दुसऱ्या जमातीच्या खांद्यावरून घ्यायच्या मोठ्या पिशव्या कापडाच्याच असतात, काळ्या मखमलीवर मण्यांची फुलं आणि वेली. तुम्हाला पटत नसेल तर तो रस्ता चांगला आहे, फक्त मखमलीला मागून जाड कापडाचा आधार द्या, नाहीतर मण्यांच्या वजनाने ती ओघळते.

कातड्याबद्दल एवढंच सांगते. मी स्वतः मांस खात नाही. हे कातडं टाकून दिलेलं होतं. आणि इथे कातड्याचा प्रश्न निराळ्याच जागी दुखतो. या मैदानांवर बायसनचे कोट्यवधींचे कळप होते, ते मारून १८८९ पर्यंत हजाराच्या आसपास उरले. अन्न, तंबू, पांघरूण, दोरा, सगळं ज्याच्यापासून मिळायचं तोच प्राणी गेला आणि लोकांना राखीव जागांत कोंडलं. ज्या काळात सगळं हिरावून घेतलं गेलं त्याच काळात, १८८० नंतर, लाकोटा बायकांनी सर्वांत भरगच्च मणीकाम केलं. तान्ह्या बाळांचे जोडे, पिशव्या, अंगरखे, कातडं कुठे दिसतच नाही इतके मणी. आजी त्याविषयी बोलताना हातातलं काम थांबवतात. मी तेव्हा काही विचारत नाही.

निनाद_डॅलस

ताई, नक्षी कुठून घेता? आणि असे बटवे ऑनलाइन विकायला 'नेटिव्ह अमेरिकन' म्हणून टाकले तर चांगली किंमत येईल असं वाटतं. बायकोला शिकायचंय म्हणून विचारतो.

रानजाई

निनाद, तसं अजिबात करू नका. इथे १९९० चा इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स कायदा आहे. मान्यताप्राप्त जमातीच्या माणसाने न केलेली वस्तू त्या नावाने विकणं हा गुन्हा आहे, पहिल्याच वेळी अडीच लाख डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वहिनींना शिकायचं असेल तर जरूर शिकू द्या, पण टाका कुणाकडून शिकला ते सांगून.

नक्षीचं सविस्तर सांगते, कारण माझं खरं शिक्षण तिथेच झालं.

माझ्या बहिणीला सांगलीत मुलगी झाली तेव्हा मला तिच्यासाठी काहीतरी करायचं होतं. लाकोटा लोकांत बाळाची वाळलेली नाळ जपायला मण्यांची छोटी पिशवी करतात, बहुधा मुलीसाठी कासवाची, मुलासाठी सरड्याची. कासवाला त्यांच्या भाषेत केया म्हणतात. कासव चिवट, दीर्घायुषी, म्हणून बाळाला त्याचं राखण. काही घरांत दोन पिशव्या करतात, एकीत नाळ आणि दुसरी रिकामी, वाईट शक्तींना चकवायला. मला ते इतकं आवडलं की मी कासवाचा कागदी नमुनाच कापून घेऊन गेले.

आजींनी तो हातात घेतला, बघितला आणि विचारलं, "तुमच्याकडे नाळेचं काय करतात?" मला सांगता येईना. त्यांनी नमुना परत दिला आणि म्हणाल्या, "आईला विचारून ये."

आईला फोन केला. ती म्हणाली, "पुरतात गं. तुझी परसात पेरूच्या झाडाखाली पुरली, आजीने." मला हे ठाऊकच नव्हतं. 'नाळ जोडलेली आहे' असं आपण उठताबसता म्हणतो, पण माझी कुठे आहे ते मी चाळिशीत पहिल्यांदा विचारलं.

पुढच्या गुरुवारी आजींना ते सांगितलं आणि भाचीचा फोटो दाखवला. त्यांनी फोटो बोटांनी मोठा केला आणि तिच्या मनगटावर बोट ठेवलं. हे काय? मनगट्या. काळे मणी, मध्ये सोन्याचे. दृष्ट लागू नये म्हणून. आजी हसल्या. म्हणाल्या, "मग तुमच्याकडे बाळासाठी मणी आहेतच की. माझं कासव कशाला?"

म्हणून बटवा साधा, गोल बुडाचा, नाडीचा. आपल्या बायका पानसुपारीसाठी कमरेला खोचत तसा. त्यावर दोन पट्ट्या, तीन काळे आणि एक सोनेरी, तीन काळे आणि एक सोनेरी. सातच्या हिशोबात ते बसत नव्हतं, म्हणून पट्टी आठ मण्यांची केली. त्यासाठी कडेची आखणी पुन्हा करावी लागली आणि आधीची टाक्यांची खूण अजून एका बाजूला दिसते. काळे मणी आईने मिरजेहून पाठवले, पटवेकऱ्याकडून आणलेले. त्यातले निम्मे माझ्या सुईला गेले नाहीत, भोकं बारीक, ते बाजूला काढले. भाचीच्या हाताला होईनाशा झालेल्या मनगट्या आता त्या बटव्यात आहेत.

सुलभा_ठाणे

वाचताना डोळे भरून आले. शेळीचं स्वेड आणलंय. एक पट्टी केली, पण कातडं होडीसारखं वर वळतंय. कुठे चुकतंय?

रानजाई

दोरा जास्त ओढला जातोय. मण्यांची ओळ दोन रेषांमधल्या जागेपेक्षा किंचित लांब हवी, निदान अर्धा मणी. आठ घेऊन बघा. टाका घेताना कातडं डाव्या हाताच्या तर्जनीवर सपाट ठेवा, ताणू नका. वळलेली पट्टी दाबून सरळ होत नाही, उसवावीच लागेल.

सुलभा_ठाणे

उसवते. 🙂

पंचगंगाकाठ

ताई, तुमचं आरीचं वाचून काल माळ्यावर चढलो. आजोबांची पेटी सापडली. कातडं कापायच्या दोन रापी, एक आरी, आणि हिरड्याची पुरचुंडी, वास अजून आहे. आमच्या आईने रापी बघितली आणि धरायची कशी ते मला दाखवलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

रानजाई

फोटो टाका ना. आरीची मूठ कसल्या लाकडाची आहे?

पंचगंगाकाठ

बाभळीची. टोकाला गंज आहे. रविवारी दगडावर घासून बघतो, मग टाकतो.